वडील रुग्णालयात रात्री “मी असं काय पाप केलं होतं?” असे विचारतात, त्यांना काय सांगावे?

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेले आहेत. अन्ननलिकेच्या कर्करोगामुळे तीन आठवडे रुग्णालयात असलेले तुमचे वडील रात्री झोप येत नसली की “मी असं काय पाप केलं होतं?” असे विचारतात, तेव्हा काय बोलावे हा पहिला. तुळजापूरला जाऊन नवस बोलायचा हट्ट धरलेली आई आणि हे सगळे थोतांड आहे असे तिला तोंडावर सांगणारा धाकटा भाऊ यांचे घरातले भांडण कसे मिटवावे हा दुसरा. परदेशातल्या रुग्णालयांत आध्यात्मिक आधार देण्यासाठी माणूस नेमलेला असतो, तसा आपल्याकडे मिळतो का, हा तिसरा. याशिवाय वडिलांना आजाराचे नाव अजून सांगितलेले नाही, असे एक वाक्य तुम्ही ओघात लिहिले आहे. माझ्या मते खरी गाठ त्या वाक्यात आहे, आणि तिच्याविषयी मी पुढे सविस्तर लिहिणार आहे.

मी मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून एकोणीस वर्षे काम करते आहे. त्यांतली अकरा वर्षे पॅलिएटिव्ह विभागात गेली, म्हणजे आजार पूर्ण बरा होणार नाही हे कळल्यानंतर रुग्णाचा त्रास कमी करण्यासाठी जो विभाग असतो तिथे.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देते. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांत धर्मसेवक पगारावर नेमलेले असतात आणि आता त्यांत वेगवेगळ्या धर्मांची आणि कोणताही धर्म न मानणारीही माणसे असतात. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारख्या मिशनच्या रुग्णालयांत असा स्वतंत्र विभाग आहे. महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांत मात्र असे पद मी पाहिलेले नाही, आणि हे काम प्रत्यक्षात समाजसेवा अधीक्षक, सिस्टर आणि पुष्कळदा वॉर्डातल्या मावशी करत असतात. खासगी रुग्णालयात असाल तर मेडिकल सोशल वर्कर किंवा समुपदेशक आहे का, आणि पॅलिएटिव्ह विभाग आहे का, एवढे दोन प्रश्न विचारा. तुमच्या घरी कोणी महाराज, फादर, मौलवी किंवा भन्तेजी मानले जात असतील, तर त्यांना भेटीच्या वेळेबाहेर दहा मिनिटे आत सोडण्याची परवानगी वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर बहुधा देतात. मात्र ती आधी मागावी लागते.

या कामामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. डेम सिसिली सॉन्डर्स या आधी परिचारिका, मग रुग्णालयातल्या समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हे हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची शुश्रूषा करणारी संस्था, सुरू केले. मरणासन्न माणसाची वेदना शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशी चारही बाजूंनी एकच असते, आणि तिच्यातली एक बाजू सोडून बाकीच्यांवर इलाज करता येत नाही, अशी त्यांची मांडणी होती. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली सुरू झालेले शांती आवेदना सदन हे भारतातले पहिले हॉस्पिस, आणि त्याची एक शाखा गोव्यातही आहे. या मांडणीतला ‘आध्यात्मिक’ हा शब्द ऐकून आपल्याला पोथी, प्रवचन आठवते. रुग्णाच्या उशाशी बसल्यावर त्याचा अर्थ बराच साधा होतो: या माणसाला आपण कोणाचे आहोत असे वाटते, कशाच्या आधारावर तो आजवर उभा होता, आणि आजाराने त्यातले काय हिरावून घेतले.

आमच्या वॉर्डात काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातले एक वारकरी आजोबा जबड्याच्या शस्त्रक्रियेसाठी आले होते. शस्त्रक्रियेच्या सकाळी त्यांच्या गळ्यातली तुळशीची माळ कात्रीने कापून काढण्यात आली, कागदात गुंडाळून ठेवली गेली आणि धावपळीत कचऱ्यात गेली. शस्त्रक्रिया उत्तम झाली. तिसऱ्या दिवशी मात्र आजोबांनी भिंतीकडे तोंड फिरवले, नळीतून दिले जाणारे अन्न ते हाताने अडवू लागले आणि केसपेपरवर ‘रुग्ण सहकार्य करत नाही’ अशी नोंद झाली. त्यांचा हात पुन्हा पुन्हा गळ्याशी जातो आणि तिथे काही न सापडून परत येतो, हे आमच्या एका मावशींच्या लक्षात आले. मी पाटी आणि पेन्सिल घेऊन गेले. त्यांनी वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिले, “माळ गेली. आता मी कोणाचा?” दादरहून नवी माळ आणणे सोपे होते, पण ती कोणीही गळ्यात घालून चालत नाही, हे त्यांच्या पुतण्याने मला सांगितले. शेवटी त्यांच्या दिंडीच्या महाराजांना फोन लावला, फोन आजोबांच्या कानाशी धरला आणि महाराजांनी अनुज्ञा दिल्यावर पुतण्याने माळ घातली. त्याच संध्याकाळी त्यांनी अन्नाची नळी हाताने अडवली नाही. तेव्हापासून आमच्या वॉर्डात संमतीपत्रावर सही घेताना ‘अंगावरची कोणती वस्तू तुमच्यासाठी महत्त्वाची आहे?’ असे विचारतात, आणि ती काढावीच लागली तर नाव चिकटवलेल्या पिशवीत घालून नातेवाइकांच्या हाती देतात. मी ज्याला आध्यात्मिक आधार म्हणते तो हा आहे.

आता तुमच्या वडिलांच्या प्रश्नाकडे येते. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी सोलापूरकडच्या एका आईने, जिचा आठ वर्षांचा मुलगा रक्ताच्या कर्करोगाने आमच्याकडे होता, मला अगदी हाच प्रश्न विचारला होता. मी तिला म्हणाले, “देवावर भरवसा ठेवा.” ती शांतपणे म्हणाली, “भरवसा ठेवूनच चार उपास धरलेत ताई,” आणि त्यानंतर पंधरा दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलली. मी तिला उत्तर दिले होते, पण तिने उत्तर मागितलेच नव्हते. आपले नातेवाईक अशा वेळी “प्रारब्धाचे भोग आहेत, भोगूनच संपवायचे” असे म्हणतात, त्यांचा हेतू समजूत घालण्याचा असतो, पण आजारी माणसाच्या कानी त्याचा अर्थ ‘तू याच लायकीचा होतास’ असा पोहोचतो. “छे, तुम्ही कुठं पाप केलंय!” हेही तितकेच निरुपयोगी आहे, कारण त्याने बोलणे तिथेच संपते. वडिलांनी कधी तंबाखू खाल्ली असेल, तर घरातले कोणी ना कोणी तेही काढते. ते वैद्यकीयदृष्ट्या खरे असले तरी या टप्प्यावर ते बोलून कोणाचेही भले होत नाही, आणि रुग्णाने ते स्वतःला आमच्यापेक्षा शंभर वेळा अधिक ऐकवलेले असते.

म्हणून आज रात्री त्यांनी पुन्हा विचारले, तर उठून बसा, त्यांचा हात हातात घ्या आणि “बाबा, तुम्हाला काय वाटतं?” एवढेच विचारून थांबा. हे थांबणे फार जड जाते, मिनिटभराची शांतता तासाभराची वाटते, तरी ती मोडू नका. माझा अनुभव असा की ‘पाप’ या मोठ्या शब्दामागे बहुतेकदा एक लहानशी, नाव-गाव असलेली गोष्ट असते: बांधावरून भावाशी धरलेला अबोला, बहिणीला न दिलेला वाटा, कोणाचे तरी बुडवलेले पैसे, आईच्या अखेरच्या दिवशी गावी पोहोचता न आल्याची सल. ती गोष्ट बाहेर आली की पुष्कळदा तिच्यावर काहीतरी करता येते. चुलत्याला बोलावून घेता येते, पैसे पोहोचवता येतात, आणि काहीच करता आले नाही तरी ती गोष्ट निदान कोणालातरी सांगितली गेलेली असते.

एक काळजी मात्र आधी घ्या. हा प्रश्न ते रात्रीच विचारतात, असे तुम्ही लिहिले आहे. रात्री वेदना अधिक जाणवतात आणि संध्याकाळच्या औषधाचा परिणाम उतरलेला असतो. दुखणे आटोक्यात नसलेल्या माणसाला दुसरे काही सुचत नाही, मग तो देवाला बोल लावतो नाहीतर मरण मागतो. सकाळच्या राऊंडला रात्रीच्या वेदनेबद्दल डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि मॉर्फिनचे नाव ऐकून घाबरू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते योग्य मात्रेत दिले जाते. वडील जेवणखाण, माणसे, सगळ्यातूनच मन काढून घेत असतील किंवा जीव देण्याची भाषा करत असतील, तर ती गोष्ट त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता आजाराच्या नावाविषयी. “बाबांना सांगू नका, ते खचतील,” हे वाक्य मी आठवड्यातून चार-पाच वेळा ऐकते आणि ते प्रेमापोटीच बोललेले असते याबद्दल मला शंका नाही. पण तुमचे वडील ज्या इमारतीत झोपले आहेत तिच्या फाटकावरची पाटी त्यांनी वाचलेली असते, शेजारच्या खाटेवरच्या माणसाचे केस गेलेले त्यांना दिसतात, आणि गिळताना पाणीही अडकते आहे हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नाही. त्यांना बहुधा सगळे कळलेले आहे, आणि तुम्ही दुखावाल म्हणून ते न कळल्यासारखे वागत आहेत. अशा घरात दिवसभर हवापाणी, क्रिकेट आणि “दोन दिवसांत घरी जाऊ” याच गोष्टी चालतात, आणि ज्या एका गोष्टीविषयी माणसाला बोलायचे असते तिच्याविषयी बोलायला कोणी उरत नाही. मग तो देवाशी बोलू लागतो. “मी काय पाप केलं?” हा प्रश्न तुमचे वडील तुम्हाला विचारत आहेत, याचा अर्थ त्यांनी दार थोडे किलकिले केले आहे, असे मी मानते. एकदम सगळे सांगून टाका, असे मी म्हणत नाही. “बाबा, तुमच्या आजाराबद्दल डॉक्टरांकडून तुम्हाला किती जाणून घ्यायचं आहे?” असे विचारा. काही जण “सगळं सांगा” म्हणतात, काही “तुम्हीच बघा” म्हणतात, आणि दोन्ही उत्तरांचा मान राखता येतो. त्यांनी विचारायला सांगितले, तर डॉक्टरांना तुमच्या समक्ष आणि त्यांच्याच तोंडून सांगू द्या.

आई आणि भावाच्या बाबतीत मी एकाची बाजू घेणार नाही. चाळीस वर्षे ज्या माणसासाठी स्वयंपाक केला तो आता घासभरही गिळू शकत नाही, तेव्हा तिच्या हातात करण्यासारखे जे एकच काम उरले आहे ते नवस हे आहे, आणि भावाने त्याला थोतांड म्हटले की तिचे ते कामही काढून घेतले जाते. भावाचेही दुःखच बोलते आहे. त्याला अशी एखादी जबाबदारी द्या, जी त्याला पटेल, उदाहरणार्थ रात्रीच्या औषधांची वेळ सांभाळणे. तुळजापूरला जाण्याआधी मात्र डॉक्टरांना “हातात दिवस आहेत की आठवडे?” असे सरळ विचारा. दिवसच असतील, तर आईने प्रवासात असू नये. घरातल्या दुसऱ्या कोणी जाऊन ओटी भरावी आणि कुंकू आणावे, आणि हे तिला मुलांनी नव्हे, तर ती मानते अशा वडीलधाऱ्या बाईने सांगावे. औषध बंद करा, अंगारा पुरेल, असे सांगून पैसे मागणारा कोणी मध्ये आला, तर तिथे मात्र ठाम राहा. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि भाऊ अशा वेळी तुमच्या उपयोगी पडेल.

तुमच्या वडिलांच्या आजारात तीर्थाविषयी फार जपावे लागेल. गिळता येत नसलेल्या माणसाच्या तोंडात चमचाभर पाणी ओतले, तर ते श्वासनलिकेत जाऊन जीव घुसमटू शकतो. बोट किंवा स्वच्छ कापसाचा बोळा तीर्थात ओला करून ओठांवरून फिरवा, तुळशीचे पान जिभेवर न ठेवता उशाशी ठेवा. ऑक्सिजन सुरू असलेल्या खोलीत निरांजन किंवा उदबत्ती लावायची नाही, हे तर तुम्हाला सिस्टर सांगतीलच. हळू आवाजात नाव घ्यायला, हरिनाम ऐकवायला, पाय दाबायला कोणाचीही हरकत नसते.

आणि तुमच्या स्वतःच्या झोपेचे काय, हे तुम्ही लिहिलेले नाही. तीन आठवडे खाटेखाली चटई टाकून झोपणाऱ्या मुलाचीही काळजी घेतली पाहिजे, हे आपल्याकडे गाडगेबाबांनी फार आधी ओळखले होते, मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ आणि दादरला त्यांच्या नावाने असलेल्या धर्मशाळांत आजही बाहेरगावच्या रुग्णांचे नातेवाईक राहतात. तुम्ही बाहेरगावचे असाल, तर समाजसेवा विभागातून पत्र घेऊन तिथे चौकशी करा आणि एका आड एक रात्र भावाला वडिलांपाशी बसू द्या. त्याच्या पाळीच्या रात्री वडिलांनी तोच प्रश्न विचारला, तर त्यालाही थांबून ऐकायला सांगा. देव मानत नसला तरी त्याला ते जमेल.