सहा महिन्यांचा तो सुळका

बाबू,

तुझा ग्राफ काल रात्री पाहिला, लाईन गेली होती म्हणून मोबाईलवरच मोठा करकरून पाहिला. दक्षिण ध्रुवावरच्या अमुंडसेन-स्कॉट या अमेरिकेच्या स्टेशनचा तापमानाचा डेटा तू गावात बसून उतरवून घेतला, त्याले फुरिये लावलं, म्हणजे त्यात कोणत्या कोणत्या मुदतीच्या लाटा लपल्या ते गणितानं काढलं, मले लय बरं वाटलं. जिथं लाट सापडते तिथं ग्राफवर सुळका येते, तुझा एक सहा महिन्यांवर आला. पण खाली जे लिहिलं ना, "ध्रुवावर सहा महिन्यांचं वेगळं चक्र सापडलं", ते आधी खोड.

आपल्याकडचंच पाय. नागपूरचं दुपारचं सरासरी तापमान मे मधे ४२-४३, पाऊस लागला की ऑगस्टमधे ३०-३१ वर येते, अन् ऑक्टोबरात कापूस फुटायच्या टायमाले ऊन पुन्हा चटके द्याले लागते, मग थंडी. म्हणजे वर्षाची रेघ एका गोल लाटेसारखी नाहीच, मधे अजून एक छोटा उंचवटा आहे. फुरियेले फक्त गोल लाटाच समजतात, तर ते हे वाकडं वर्ष १२ महिन्यांची लाट अन् ६ महिन्यांची लाट अशी बेरीज करून दाखवते. चक्र एकच, आकार वाकडा.

ध्रुवावर आकार वेगळ्याच कारणानं बदलते. जानेवारीत उणे २८ च्या आसपास, मार्चमधे उणे ५४, अन् मग एप्रिल ते सप्टेंबर उणे ५७ ते ६०, रेघ जवळजवळ आडवीच. आता सूर्य मार्चमधे मावळला की सहा महिने येत नाही, मग थंडी वाढतच गेली पाहिजे ना? नाही वाढत, काहून की बर्फ जेवढी उष्णता वर फेकते जवळपास तेवढीच वरची हवा अन् उत्तरेकडून येणारे वारे त्याले परत देत राहतात. याले कोरलेस विंटर म्हणतात, गाभाच नसलेला हिवाळा. ग्राफ पेपर घे, बारा महिन्यांची बारा टिंबं दे, पेन्सिलनं जोड, परातीच्या बुडासारखी सपाट रेघ दिसन. हा आकारबी गोल लाटेसारखा नाही, म्हणून सहा महिन्यांचा सुळका येते.

२४ तासांचा सुळका नाही आला म्हणून कोड चुकला असं नको समजू, ऐन ध्रुवावर सूर्याची उंची दिवसभर तेवढीच राहते. अंटार्क्टिकावरच्या आपल्या भारताच्या मैत्री स्टेशनवर, जे ऐन ध्रुवावर नाही, उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही पण वरखाली होते, तिथं दिसन.

एक गोष्ट मात्र खटकली, तुझ्या फाईलमधे उणे ९९.९ असे आकडे आहेत. आपल्या गावच्या डेटात असता तर तू लगेच पकडला असता, अंटार्क्टिका म्हटल्यावर खपून गेला. जमिनीवरच्या स्टेशनात मोजलेलं सगळ्यात कमी तापमान उणे ८९.२ आहे, अंटार्क्टिकावरच्या रशियाच्या व्होस्तोक स्टेशनचं, २१ जुलै १९८३ चं. उणे ९९.९ हे तापमान नाही, न मोजलेल्या वेळेची खूण आहे. मी एकदा असे आकडे धरून सरासऱ्या काढल्या होत्या, दोन महिन्यांची मेहनत पाण्यात गेली, तुझी जाऊ नये. अन् तिथं शून्यबी भरू नको, जागा रिकामी ठेव, लॉम्ब-स्कार्गल वापर, ती फुरियेसारखीच लाटा शोधायची रीत आहे, पण तिले मधली गाळलेली जागा चालते.

मग प्रत्येक महिन्याची सगळ्या वर्षांची सरासरी त्या त्या महिन्यातून वजा कर, म्हणजे वर्षाचं चक्र निघून जाईन, मग उरलेल्यात दुसरं चक्र शोध. हे रेकॉर्ड १९५७ पासूनचं आहे, त्यात ३०-४० वर्षांचं चक्र दिसलं तर ते जेमतेम दोनदा फिरलेलं असन, त्यावर काही लिहू नको.

तूर सोंगून झाली की रविवारी ये, चार्जर आण. बारा टिंबांचा कागद हातानं काढलेला पाहिजे.

तुझी ताई