डार्विन ते उलुरू गाडीने? डिसेंबरात तरी नको

जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला रुजू व्हायचंय, त्याआधी डिसेंबरात काकाडू राष्ट्रीय उद्यान आणि वाळवंटातला उलुरू हा प्रचंड खडक गाडीने उरकून घ्यावं का, असं विचारलंय तुम्ही. नका करू. दोन्ही डार्विनच्याच नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशात आहेत, पण डार्विन ते ॲलिस स्प्रिंग्ज १,५०० किलोमीटर आणि तिथून उलुरू आणखी साडेचारशे.

आपला जून-सप्टेंबरचा पावसाचा हिशेब तिथे उलटा. उत्तरेत पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल. काकाडूतले सखल रस्ते तेव्हा पाण्याखाली जातात. जिम जिम धबधबा ऐन भरात असतो, पण तिथवरची वाट बंद. तो विमानातूनच बघायचा. काकाडूचे मूळ रहिवासी बिनिंज-मुंगगुय लोक वर्षाचे सहा ऋतू मानतात. त्यातला जून-ऑगस्टचा वुर्रगेंग हा थंड, कोरडा ऋतू तुमच्यासाठी. काकाडूतल्या उबिरच्या कातळचित्रांत माशांची हाडं-आतडीही रंगवलेली दिसतात. शिवाय मुख्य भूमीवरून हजारो वर्षांपूर्वी नाहीसा झालेला थायलसीन हा पट्टेरी शिकारी प्राणीही आहे.

त्याच जून-ऑगस्टात उलुरूकडच्या वाळवंटात पहाटे पारा शून्याखाली उतरतो. स्वेटर लागतोच. तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबरच्या सुमारास, उलट: ३६ अंशांचा अंदाज असला की उलुरूजवळच्या काटा त्जुटा या खडकांच्या समूहातली व्हॅली ऑफ द विंड्स ही पायवाट ११ वाजता बंद करतात.

अंधारात गाडी चालवू नका. कांगारू आणि मोकाट गुरं रस्त्यावर येतात, आणि भाड्याच्या गाडीचा विमा गावाबाहेर रात्री अनेकदा लागू नसतो. करार आधी वाचा. रोड ट्रेन, म्हणजे अनेक ट्रेलर जोडलेला ट्रक, ५३ मीटरपर्यंत लांब असते, ओव्हरटेकची घाई नको. पाणी गोडं आणि संथ दिसलं तरी खाऱ्या पाण्यातली मगर तिथेही असते. पोहायला परवानगीचा फलक नसेल तर काठापासूनही लांब राहा.

सगळ्यात जास्त चुकतं ते प्रवेश-परवान्याचं. १९७६च्या कायद्यामुळे टेरिटरीची जवळपास निम्मी जमीन आता ॲबोरिजिनल, म्हणजे मूळ रहिवाशांच्या, मालकीची आहे. काकाडूला लागून असलेल्या आर्नहेम लँड या अशाच भागासाठी नॉर्दर्न लँड कौन्सिलकडे दोन-तीन आठवडे आधी अर्ज करा. उबिरजवळचा काहिल्स क्रॉसिंग हा नदीतला रस्ता ओलांडला की तीच हद्द लागते. तिथे भरतीची वेळ न बघता घातलेल्या गाड्या वाहून जातात.

उलुरूची जमीन १९८५मध्ये तिथल्या मूळ रहिवाशांना, अनंगूंना, परत मिळाली, खडकावरची चढाई २६ ऑक्टोबर २०१९पासून बंद आहे. त्याऐवजी पायथ्याची १०.६ किलोमीटरची फेरी घ्या, सूर्योदयालाच निघा. काही भागांत फोटोला मनाई आहे. तिथले खडकावरचे आकार अनंगूंना पोथीसारखे आहेत, ते जागेवरच बघायचे. सूर्यास्ताचा फोटो ठरलेल्या वाहनतळावरून बिनधास्त काढा.