चाचण्यांमधले अंतर वाढवणे ही ढिलाई आहे का?

प्रश्न : अमेरिकेतील अणुवीज केंद्रांना सुरक्षा चाचण्यांचे वेळापत्रक स्वतः बदलता येते, असे वाचले. ही ढिलाई नव्हे काय? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : शंका रास्त आहे, पण जितक्या जास्त चाचण्या तितकी जास्त सुरक्षितता, हे समीकरण खरे नाही. आपत्कालीन डिझेल जनित्राचेच पाहा. बाहेरची वीज गेल्यावर ते काही सेकंदांत पूर्ण वेगाने चालले पाहिजे, म्हणून पूर्वी चाचणीतही थंड इंजिन एकदम पळवत असत. वंगण तेल बेअरिंगांपर्यंत नीट पोहोचण्याआधीच भार पडल्याने, ज्या यंत्रावर भिस्त ठेवायची तेच चाचण्यांनी झिजू लागले. म्हणून १९८४ मध्ये तेथील अणू नियामक आयोगानेच अशा चाचण्या कमी करण्याचा आग्रह धरला.

पुढे २००६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील लिमरिक अणुवीज केंद्राला हे वेळापत्रक स्वतः ठरवण्याची प्रायोगिक तत्त्वावर परवानगी मिळाली आणि चाचण्यांची वारंवारता परवान्याच्या अटींतून निघून केंद्राच्या नियंत्रित कार्यक्रमात आली. तरीही मनाला येईल तसे अंतर वाढवता येत नाही : उपकरणाच्या बिघाडांचा इतिहास तपासून, अणुभट्टीचा गाभा (इंधन असलेला भाग) वितळण्याची शक्यता किती वाढेल याचे गणित मांडून, तज्ज्ञ गटाची संमती घ्यावी लागते आणि बदलानंतरही कामगिरीवर लक्ष ठेवावे लागते. आयोगाचे निरीक्षक हे कागद केव्हाही मागू शकतात. माझ्या मते खरी कच्ची बाजू गणिताची आहे, कारण क्वचितच बिघडणाऱ्या उपकरणाची आकडेवारी मुळात तुटपुंजी असते.