पानगळीचे दिवस आणि अर्धी राहिलेली कामे

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

"वर्षातले हे दिवस मला सर्वांत जास्त आवडतात. संध्याकाळ लवकर होते, घरात दिवे लागतात आणि कुठे जाऊच नये असे वाटते. या वर्षी मी ठरवले होते की रोज साधाच, पण ताजा स्वयंपाक करायचा, मुलाचा दोन वर्षे रखडलेला स्वेटर विणून संपवायचा, पुस्तकांच्या जुन्या कपाटाला वॉर्निश करायचे आणि वर्षअखेरीच्या १० किलोमीटरच्या शर्यतीसाठी आठवड्यातून पाच दिवस, कामावरून आल्यावर धावायचे. महिना झाला. स्वेटर आहे तिथेच आहे, कपाटातली पुस्तके जमिनीवर आहेत, धावणे दुसऱ्याच आठवड्यात सुटले. घाई नको म्हणून स्लो कुकर घेतला, तरी स्वयंपाक करताना चिडचिड होतेच. परवा पती म्हणाले, 'तुला हे सगळे करायला सांगितले कोणी? सोडून दे.' मला रडू आले. माझ्यात चिकाटीच नाही का? की खरोखरच सगळे सोडून द्यावे? मी ३८ वर्षांची आहे, मुलगा आठ वर्षांचा आहे."

सप्रेम नमस्कार.

तुमच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'नाही' असे आहे. चिकाटीचा अभाव तुमच्या पत्रात मला कोठेही दिसला नाही, आणि सगळे सोडून देण्याचा सल्लाही मी देणार नाही, कारण ज्या गोष्टींनी तुम्हाला हा ऋतू प्रिय झाला त्याच टाकून दिल्या तर उरलेल्या लांब संध्याकाळी तुम्ही कशाने भरणार? मात्र या चार गोष्टींना एकसारखे वागवू नका, असे मी आग्रहाने सांगेन. स्वेटर उसवा. कपाट उन्हाळ्यावर ढकला. धावणे कमी करा, पण सोडू नका. स्वयंपाक वाटून घ्या.

असे का म्हणते ते सांगते. तुम्ही ठरवलेल्या गोष्टी मुळातच वेगवेगळ्या जातीच्या आहेत. स्वयंपाक रोज पूर्ण होतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. जेवण झाले, भांडी घासून झाली की त्या दिवसापुरते ते काम संपले. धावणे कधीच पूर्ण होत नाही, आणि व्हायचेही नसते. ते चालू राहणे हेच त्याचे यश असते. स्वेटर आणि कपाट ही मात्र एकदा झाली की झाली, अशी कामे आहेत. तुम्ही या तिसऱ्या प्रकारच्या कामांचे माप उरलेल्या दोघांना लावले आहे. त्यामुळे एखाद्या संध्याकाळी तुम्ही गरम सूप केलेत, मुलाने ते आवडीने प्यायले, तिघे एकत्र बसून जेवलात, तरी तो दिवस तुमच्या हिशेबात वाया गेलेला ठरतो, कारण स्वेटर पुढे सरकला नाही. घरात रमण्याचे सुख रोजच्या पुन्हा पुन्हा होणाऱ्या गोष्टींत असते, आणि तुम्ही नेमके तेच हिशेबाबाहेर ठेवले आहे.

अर्धवट कामे मनाला का कुरतडत राहतात, यावर मानसशास्त्रात बराच विचार झालेला आहे. मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या दोन संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की अपूर्ण राहिलेल्या उद्दिष्टांचे विचार माणसाच्या दुसऱ्या कामात लुडबुड करतात. परंतु ते उद्दिष्ट कधी आणि कसे गाठायचे याची नेमकी योजना आखली की काम झालेले नसतानाही ही लुडबुड कमी होते. कांदा चिरताना येणाऱ्या तुमच्या चिडचिडीचा कांद्याशी फारसा संबंध नसावा. जमिनीवरच्या पुस्तकांचे काय करायचे हे अजून ठरलेले नाही, आणि तो अनिर्णय तुमच्याबरोबर स्वयंपाकघरात येतो. म्हणून कामे उरकण्याच्या आधी निर्णय उरका.

सुरुवात स्वेटरपासून करू, कारण मला वाटते तुमचे मन सर्वांत जास्त तेथे अडकले आहे. सहा ते आठ या वयात मुले साधारणपणे वर्षाला ५ ते ६ सेंटिमीटर वाढतात. दोन वर्षांपूर्वी सहा वर्षांच्या मुलाच्या मापाने घातलेले टाके आज त्याला पुरणार नाहीत, हे तुम्हाला मनातून ठाऊक असावे, आणि सुया हातात घेववत नाहीत याचे तेही एक कारण असू शकेल. जो स्वेटर पूर्ण झाला तरी अंगात जाणार नाही, तो विणायला हात पुढे होत नसेल तर त्यात आळस कसला?

तो उसवा, मात्र मुलाला सांगून उसवा. त्याच्यासाठी विणलेली वस्तू त्याच्या नकळत नाहीशी होऊ नये. उसवताना लोकर खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळत जा, तिची लडी तयार झाली की तीन-चार ठिकाणी दोऱ्याने सैलसर बांधा, कोमट पाण्यात भिजत ठेवा आणि न पिळता, अलगद दाबून पाणी काढून वाळत घाला. टाक्यांमुळे लोकरीला पडलेले बाक यामुळे बरेचसे निघून जातात. मग त्याच लोकरीची टोपी विणा. टोपी थोड्या संध्याकाळींत होते, मापात चूक झाली तरी उसवण्याचे दुःख मोठे नसते आणि याच थंडीत ती वापरात येते. पुढे पुन्हा स्वेटर करावासा वाटलाच तर गळ्यापासून खाली विणत जाणारी पद्धत निवडा, म्हणजे मूल वाढले तरी लांबी आणि बाह्या खालून वाढवता येतात. आणि पहिला टाका घालण्याआधी १० सेंटिमीटरचा चौकोनी नमुना विणून त्यात किती टाके बसतात ते मोजून घ्या. नमुना विणायचा अनेकांना कंटाळा येतो. तरीही तो विणावा, कारण तेवढ्या एका संध्याकाळीने पुढची कित्येक आठवड्यांची मेहनत वाचते.

कपाटाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. पॉलिश पेपरने लाकूड घासताना उडणारी धूळ आणि वॉर्निशचा वास या दोन्हींसाठी खिडक्या सताड उघड्या लागतात, आणि थंड, दमट हवेत वॉर्निश सावकाश वाळते. बहुतेक वॉर्निशांना १० अंश सेल्सिअसच्या वरचे तापमान लागते. हे काम या ऋतूचे नव्हेच. आजच पुस्तके पुन्हा कपाटात लावा आणि पुढच्या उन्हाळ्यातला एखादा शनिवार-रविवार दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. जुने, रंग उडालेले कपाट पुस्तके उत्तम सांभाळते.

आता धावणे. दुसऱ्या आठवड्यात ते सुटले याचा दोष तुम्ही स्वतःला देता, पण सूर्य काय करत होता हे पाहिलेत का? उत्तर गोलार्धात २२ किंवा २३ सप्टेंबरच्या शरद संपाताच्या, म्हणजे दिवस आणि रात्र समान असण्याच्या, सुमारास दिवस सर्वांत वेगाने लहान होत असतो. विषुववृत्तापासून जितके दूर जावे तितका हा वेग जास्त असतो. ५० अंश अक्षांशाच्या आसपास दिवस रोज जवळजवळ ४ मिनिटांनी, म्हणजे महिन्याभरात सुमारे दोन तासांनी आखडतो. ज्या संध्याकाळच्या उजेडात तुम्ही धावायला सुरुवात केली, तो उजेडच तुमच्या हातून निघून गेला. दमून घरी आलेल्या बाईने पुन्हा बूट चढवून काळोखात, ओल्या रस्त्यावर एकटीने बाहेर पडावे, आणि तेही आठवड्यातून पाच दिवस, ही अपेक्षाच अवाजवी होती.

म्हणून वेळ बदला आणि दिवस कमी करा. आठवड्यातून तीन दिवस पुरेत. जमल्यास सकाळी उजाडल्यावर जा, नाहीतर एखादा दिवस दुपारच्या सुट्टीत आणि एक दिवस शनिवारी किंवा रविवारी. सकाळी जाण्याचा आणखी एक लाभ आहे: आपल्या शरीरातले झोप-जागेपणाचे घड्याळ मुख्यतः उजेडाने जुळते, आणि आभाळ भरलेले असले तरी बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. घरात काही शे लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) असतील तेव्हा बाहेर काही हजार असतात. ज्या दिवशी धावणे होणार नाही, त्या दिवशी नुसते चालून या.

वेगाचा विचार करू नका. बरोबरच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच गतीने धावा; धाप लागून शब्द तुटू लागले की चालायला लागा. हे हार मानणे नव्हे. जॉश क्लार्क यांनी १९९६ साली नवशिक्यांसाठी तयार केलेला 'काउच टू फाइव्ह के' (म्हणजे सोफ्यावरून उठून ५ किलोमीटर धावण्यापर्यंत) हा प्रसिद्ध कार्यक्रमसुद्धा ९ आठवड्यांचा, आठवड्यातून तीन दिवसांचा आहे, आणि त्याच्या पहिल्या आठवड्यात ६० सेकंद हलके धावणे आणि ९० सेकंद चालणे असे आलटून पालटून २० मिनिटे करायचे असते. तुम्हीही तेथूनच सुरुवात करा. शर्यत या वर्षी सोडून द्या. कपडे असे घाला की पहिली काही मिनिटे किंचित थंडी वाजेल, कारण शरीर लवकरच तापते. परत आल्यावर घामाने भिजलेला सदरा लगेच बदला. अंधुक उजेडात उजळ आणि प्रकाश परावर्तित करणारे काहीतरी अंगावर असू द्या. आणि ओल्या पानांच्या थरावर पाऊल जपून टाका, त्याखालचा खड्डा दिसत नाही आणि पानेही निसरडी असतात.

स्वयंपाकाबाबत 'साधा' आणि 'रोज ताजा' या दोन अटी तुम्ही एकत्र घातल्या आहेत, त्यातली पहिली ठेवा आणि दुसरी सैल करा. आठवड्यातून दोनदा मोठे पातेले चढवा: एकदा कडधान्याचे, एकदा लाल भोपळा, गाजर किंवा बटाटा अशा भाज्यांचे दाट सूप. शिजलेले अन्न दोन तासांच्या आत उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवले आणि नीट उकळी आणून गरम केले तर तीन दिवस ते निर्धास्त खाता येते. पहिल्या दिवशी जे सूप होते त्यातच दुसऱ्या दिवशी भात किंवा पास्ता घालता येतो. जे दिवस उरतील त्यांतला निदान एक तरी पतींचा असावा, आणि त्या दिवशी ते जे करतील ते, जसे करतील तसे, तुम्ही सूचना न देता खावे. ही शेवटची अट मी मुद्दाम घालते आहे. घराला ऊब देण्याची सारी जबाबदारी आपली एकटीची आहे असे तुम्ही नकळत धरून चालला आहात असे पत्रावरून वाटते, आणि ज्या घरात एकच माणूस सर्वांसाठी ऊब तयार करत राहतो, तेथे त्या माणसाच्या वाट्याला ती येत नाही.

पतींचे बोलणे तुम्हाला लागले, ते स्वाभाविक होते. तुम्हाला प्रिय असलेल्या गोष्टी त्या एका वाक्यात निरर्थक ठरल्या. पण त्यांना रोज काय दिसते याचाही विचार करा: ओटा, लोकर, पुस्तकांचे ढीग आणि त्यांच्यामध्ये चिडलेल्या, थकलेल्या तुम्ही. या कामांतला तुमचा आनंद त्यांना महिनाभरात दिसलेलाच नसेल, तर ओझे खाली ठेव असे म्हणण्यावाचून त्यांना दुसरे काय सुचणार? त्यांच्याशी बोला, मात्र भांडणाच्या संध्याकाळी नको. जेवण झाल्यावर, मूल झोपल्यावर शांतपणे बोला. हे सारे मला आवडते आणि मला ते सोडायचे नाही, हे स्वच्छ शब्दांत सांगा. नंतर नेमके मागा: आठवड्यातल्या कोणत्या तीन सकाळी मुलाची शाळेची तयारी त्यांनी करायची, कोणत्या दिवशी स्वयंपाक त्यांचा, आणि कोणत्या संध्याकाळी तुम्हाला पाऊण तास कोणी हाक मारायची नाही. 'मला मदत करा' या मोघम वाक्याने फारसे काही हलत नाही. वार आणि वेळ सांगितली की समोरच्याला हो म्हणणे सोपे जाते. माझा अंदाज आहे की ते हो म्हणतील.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे विचारते. हे रडू, ही चिडचिड केवळ अर्धवट कामांची आहे, की सोबत झोप वाढली आहे, गोड खाण्याची ओढ वाढली आहे, कशातच मन रमेनासे झाले आहे? दिवस लहान होऊ लागले की काही जणांना दर वर्षी नैराश्य येते. नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्यावर प्रकाशोपचारासह इतरही उपचार आहेत. मन दोन आठवड्यांहून अधिक काळ असेच जड राहिले असेल, तर टोपी आणि सूप यांवर विसंबू नका, डॉक्टरांना भेटा. जीव द्यावा असे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबूही नका, त्याच दिवशी घरात सांगा आणि मदत घ्या.

ता. क. स्लो कुकरमध्ये राजमा थेट शिजायला घालू नका. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारे एक विषारी द्रव्य असते आणि स्लो कुकरच्या कमी तापमानाला ते नष्ट होत नाही. राजमा निदान पाच तास भिजवा, ते पाणी फेकून द्या, नव्या पाण्यात गॅसवर किमान १० मिनिटे खळखळून उकळा आणि त्यानंतरच स्लो कुकरमध्ये घाला.