हिरड्यांच्या ऑपरेशननंतर पेज पिऊन कंटाळा आलाय, दुसरं काय खाऊ?

खालच्या उजव्या बाजूचं फ्लॅपचं ऑपरेशन (हिरडी उघडून आतून साफ करून पुन्हा शिवतात ते) होऊन चार दिवस झालेत, डॉक्टर 'मऊ खा' एवढंच म्हणाले, तुम्ही शाकाहारी आहात, पेज आणि ज्यूसवर दिवस काढताय आणि आता उठताना डोळ्यांसमोर अंधारी येते, असं तुम्ही लिहिलंय. मी डॉक्टर नाही. पण माझं हेच ऑपरेशन दोनदा झालंय, आधी खाली आणि सहा आठवड्यांनी वर. पहिल्या वेळी मी अगदी तुमच्यासारखीच पेजेवर राहिले आणि आठ दिवसांत अडीच किलो उतरले. मैत्रिणी म्हणाल्या, वा, बारीक झालीस! मला मात्र दोन जिने चढवत नव्हते.

आधी एक सांगा, तुम्हाला मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत का? असतील तर पुढचं वाचण्याआधी तुमच्या डॉक्टरांना फोन करा. खाणं निम्म्यावर आलं आणि गोळ्या तेवढ्याच राहिल्या, तर अंधारी येऊ शकते.

आमच्याकडे सासूबाई म्हणायच्या, दुखण्यातल्या माणसाला पेजच. त्यांचंही चुकत नव्हतं. तापात भूकच मेलेली असते. आपली भूक मात्र शाबूत असते, फक्त चावता येत नाही. आणि वाटीभर पेजेत पाणी जास्त, पिष्ट थोडं आणि प्रथिनं जवळजवळ नाहीतच. जखम भरायला लागतात ती नेमकी प्रथिनं. साठ किलोच्या माणसाला एरवीसुद्धा दिवसाला ५० ग्रॅमच्या आसपास हवीत. एका पेलाभर (२०० मिली) दुधात ६ ते ७ ग्रॅम मिळतात, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८च्या आसपास, वाटीभर घट्ट वरणात ६-७. हा हिशोब मी दुसऱ्या वेळी फ्रिजवर चिकटवून ठेवला होता. दोन पेले दूध, दोन वाट्या वरण किंवा कढण, मोठी वाटी दही, थोडं कुस्करलेलं पनीर आणि वाटीभर पातळ पिठलं, एवढ्यात पन्नाशी गाठता येते. अंडं चालत असेल तर आणखी सोपं, एकात ६ ग्रॅम.

पण मला मुख्य सांगायचंय ते वेगळंच. 'मऊ' या शब्दावर जाऊ नका. पदार्थ मऊ आहे की नाही यापेक्षा त्यात कण आहेत का ते बघा. पहिल्या वेळी पाचव्या दिवशी मी उपमा खाल्ला. लोण्यासारखा मऊ होता, रवा तोंडात विरघळत होता. संध्याकाळी टाक्यांपाशी ठणकायला लागलं. मुलीने मोबाइलचा टॉर्च धरला आणि मी आरशात बघतेय, तर टाक्याचा दोरा काळा आणि त्याला टेकून आणखी एक काळा ठिपका. गाठ आहे की दुसरं काही, कळेचना. फोडणीतली मोहरी होती ती. मुलगी टूथपिक घेऊन आली, नशीब मी हात लावू दिला नाही, कारण टाका ओढला गेला असता तर शिवलेली हिरडी उघडली असती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाण्याची पिचकारी मारून दाणा काढला. मिनिटभराचं काम, पण रात्र गेली ती गेलीच.

तेव्हापासून पंधरा दिवस आमच्या घरात मोहरी बंद. फोडणी तूप, हिंग, हळद आणि जिऱ्याच्या पुडीची. अख्खं जिरं नको. याच न्यायाने तीळ, खसखस, दाण्याचं कूट, खोबऱ्याचा कीस, टोमॅटोच्या आणि पेरूच्या बिया, साबुदाण्याची खिचडी (त्यातलं कूट!) हे सगळं बाद. पेरू आणि आवळा 'क' जीवनसत्त्वासाठी खा म्हणून कुणीतरी सांगेलच. एकात बिया आणि दुसरा झोंबतो, त्यापेक्षा पिकलेली पपई खा.

आता दुसऱ्या वेळी मी काय खाल्लं ते सांगते. मुगाचं कढण हा माझा आधार होता. मूग अगदी गाळ शिजवायचे, घोटायचे आणि मोठ्या चाळणीतून चमच्याने दाबून गाळायचे. नुसतं वरचं पाणी घेतलंत तर ते पेजेचंच भावंड, गर खाली उतरला पाहिजे. चोथा वर राहतो तो टाकून द्या. मग तूप, जिरेपूड, मीठ. गुरगुट्या भात, त्यावर तूप आणि मेतकूट, हे तर सुखच. पिठलं पातळ, बिनमिरचीचं. नाचणीचं सत्त्व दुधात. लाल भोपळा किंवा रताळं उकडून, दुधात किंवा दह्यात कुस्करून. इडली सांबारात नको, साध्या वरणात भिजवून. शिकरण आणि चिकूचं मिल्कशेक चालतं, पण गोड तोंडात रेंगाळू देऊ नका, नंतर कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच चूळ भरा. खळखळून नाही, पाणी तोंडात घोळवायचं आणि सोडून द्यायचं. आणि मिल्कशेक पेल्यातून प्या. स्ट्रॉने ओढताना तोंडात जी ओढ तयार होते, तिने जखमेवरची गुठळी सुटू शकते.

गरमागरम काहीच नको, विशेषतः पहिले दोन-तीन दिवस. मी चहा बशीत ओतून निवू द्यायचे. पहिल्या दिवशी आइस्क्रीमने बरं वाटतं (बदाम-पिस्ते नसलेलं), मात्र नंतर थंडाने दात शिवशिवायला लागले, कारण हिरडी थोडी खाली बसते आणि मुळं उघडी पडतात. म्हणून तिसऱ्या दिवसापासून सगळं कोमट.

क्लोरहेक्झिडिनचं (जंतुनाशक) माउथवॉश दिलं असेल तर ते जेवण झाल्यावर वापरा आणि त्यानंतर तासभर चहा-कॉफी टाळा, दातांवर तपकिरी डाग पडतात. त्याने चवही मारली जाते, खारट तर कळतच नाही. मी आमटीत दोनदा मीठ घातलं आणि घरच्यांना ती खाववेना. वेदनाशामक गोळी उपाशीपोटी घेऊ नका, अर्धी वाटी दहीभात तरी आधी जाऊ द्या. गोळ्यांमध्ये मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक असेल तर दारू अजिबात नाही. तंबाखू, मिश्री, सिगारेट यांची सवय असेल तर निदान टाके निघेपर्यंत तरी लांब ठेवा, त्याने जखम भरायला फार वेळ लागतो.

खाण्याची पद्धतही सांगते. तीन वेळा पोटभर जेवायच्या फंदात पडू नका, तोंड तेवढं उघडतच नाही. दर दोन-अडीच तासांनी वाटीभर, चहाच्या चमच्याने, दुसऱ्या बाजूने. जखमेवर गुलाबी पॅक (टाके झाकणारा लेप) लावला असेल आणि त्याचा तुकडा पडला तर घाबरू नका, पण फोन करून विचारा. पहिल्या दिवशी थुंकी गुलाबी येते ती चालते. रक्त थांबतच नसेल, ताप आला, पू दिसला किंवा सूज तिसऱ्या दिवसानंतरही वाढतच असेल, तर वाट बघू नका.

माझे टाके दहाव्या दिवशी निघाले. त्याच संध्याकाळी मी भाकरी खायला बसले आणि पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या आठवड्यात युक्ती सापडली: ज्वारीच्या भाकरीचा वरचा पापुद्रा तेवढा काढायचा, दहा मिनिटं आमटीत बुडवून ठेवायचा आणि चांगल्या बाजूने चावायचा. खालचा जाड भाग अहो खायचे. शेंगदाण्याची चटणी मात्र दीड महिन्याने, डॉक्टरांना विचारूनच.