चीनमधल्या आई-आजीच्या वयाच्या बायका घरच्या आठवणी काय सांगतात?

तुमचा प्रश्न असा आहे की चीनमधल्या साठी-सत्तरीच्या साध्या घरातल्या बायका आपल्या संसाराच्या, माहेरच्या काय आठवणी सांगतात, कुणी प्रत्यक्ष ऐकल्यात का. आणि पुढच्या वर्षी तिकडे जाणार असल्यामुळे त्यांच्याशी बोलायला सुरुवात कशी करावी.

मी ऐकल्यात. २०१० ते २०१५ आम्ही तिआनजिनला होतो. बीजिंगहून जलद गाडीनं अर्ध्या तासावरचं मोठं शहर. नवऱ्याची नोकरी तिथं, आणि माझी लेकही तिथंच झाली. शेजारी कापड गिरणीतून निवृत्त झालेल्या एक बाई राहायच्या, जन्म १९४८चा. मी त्यांना 'आयी' म्हणायचे. चिनीत आयी म्हणजे मावशी. आईच्या वयाच्या कुठल्याही बाईला हा शब्द चालतो, घरकामाला येणाऱ्या बाईंनाही तोच. आपण 'मावशी' जसं वापरतो अगदी तसं. सुरुवातीला फोनवर माझ्या आईचा गोंधळ व्हायचा, तिला वाटायचं मी तिलाच हाक मारतेय.

पहिलं वर्षभर मी चुकीचे प्रश्न विचारले. माओच्या काळात काय झालं, सांस्कृतिक क्रांतीत (१९६६ ते ७६, जुनं सगळं मोडायची माओची मोहीम) तुमच्या घरावर काय आलं, असले. आयी म्हणायच्या, "झालं गेलं सगळं," आणि स्वयंपाकघरात निघून जायच्या. मग एका नोव्हेंबरात त्या जिन्याखालच्या कोपऱ्यात लांबट चिनी कोबीचे गड्डे रचत होत्या, शंभरेक तरी असतील. मी सहज विचारलं, इतके कशाला? त्यावर दोन तास बोलल्या. तेव्हा मला कळलं की यांच्या आठवणींचं दार कुठून उघडतं.

उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात जमीन गोठते. पूर्वी चार महिने भाजी म्हणजे कोबी, बटाटा आणि मुळा, बस्स. नोव्हेंबरात सरकारी दुकानापुढं ट्रक लागायचे, बायका पहाटेपासून रांगेत. आयींच्या घरी दीडशे किलो यायचा. आधी उन्हात टाकून वरची पानं कागदासारखी सुकवायची, मग गड्डे रचून जुनी रजई पांघरायची. दर चार-पाच दिवसांनी एकेक उचलून फिरवायचा, नाहीतर खालचे सडतात. हे फिरवायचं काम मुलींकडं. "माझ्या बोटांना अजून कळतं कुठला आतून गेलाय ते," असं म्हणून त्यांनी एक गड्डा माझ्या हातात दिला आणि अंगठा देठापाशी दाबायला लावला. मला काहीच कळलं नाही. त्यांनी तो बाजूला काढला, चिरून दाखवला. आत तपकिरी होता.

सुकलेली पानंही टाकायची नाहीत. बारीक चिरून मक्याच्या पिठाच्या वोतोऊत जायची. वोतोऊ म्हणजे शंकूसारखी, तळाला अंगठ्यानं पोकळ केलेली, वाफवलेली भाकरीच. पोकळ करायची कारण मक्याचं पीठ आत कच्चं राहतं.

तिथून गोष्ट धान्याच्या कुपनांवर आली. ही कुपनं १९५५ साली सुरू झाली आणि १९९३पर्यंत चालली. नुसते पैसे असून उपयोग नाही, वयावर आणि कामावर ठरलेला कोटा. भट्टीवरच्या कामगाराला जास्त, ऑफिसात बसणाऱ्याला कमी. एका प्रांताची कुपनं दुसऱ्या प्रांतात चालत नसत, प्रवासाला निघायचं तर देशभर चालणारी वेगळी मिळवायची. कापडाला वेगळी कुपनं, तेलाला वेगळी. सणाला भुईमुगाचे दाणे, थोडी तिळाची चटणी, आणि नव्या वर्षाला वाकटीसारखा तो लांब चंदेरी मासा, सगळं घराच्या पुस्तकात नोंदवून.

१९५९ ते ६१च्या दुष्काळाला त्यांची पिढी 'ती तीन अवघड वर्षं' म्हणते. दुष्काळ हा शब्द मी आयींच्या तोंडून एकदाही ऐकला नाही. ग्रामीण भागात कोट्यवधी माणसं गेली. शहरात कोटा होता, पण तोही खाली आला. आयी तेव्हा अकरा-बारा वर्षांच्या. त्यांना आठवतो तो आईचा हातकाटा. धाकट्या भावंडांची भांडणं होऊ नयेत म्हणून आई प्रत्येकाचा वोतोऊ तराजूत तोलून द्यायची. तोलताना तुकडा पडला तर ज्याचं पारडं वर गेलं त्याला. स्वतःचा तोलायची नाही. आईच्या पोटऱ्या सुजल्या होत्या, बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि भरून यायला वेळ लागायचा. "आम्हा मुलांना त्याची गंमत वाटायची, आम्ही पाळीपाळीनं दाबून बघायचो." हे सांगताना त्या थांबल्या. मीही काही विचारलं नाही.

आजीची आठवण वेगळीच. आजी हेबेई प्रांतातल्या खेड्यातून आलेली, बांधलेल्या पायांची. पाय बांधायला १९१२ साली कायद्यानं बंदी आली, पण खेड्यांत ते पुढं बरीच वर्षं चाललं, आणि एकदा मोडलेली हाडं कायद्यानं सरळ होत नाहीत. आजी रोज रात्री दार लावून पाय धुवायची. आयींचं काम दाराबाहेर गरम पाण्याचा थर्मास ठेवायचं. आतून लांबलचक पट्टी सोडल्याचा आवाज यायचा. आजी वारेपर्यंत त्यांनी ते पाय उघडे पाहिले नाहीत, आणि अंघोळ घालताना पाहिले तेव्हा आईनं त्यांचं तोंड फिरवलं.

मी मूळची सोलापूरची, गिरणीच्या भोंग्यावर वाढलेली. आजोबा विणकाम खात्यात होते आणि घरातही ओरडून बोलायचे. आयीही ओरडून बोलायच्या! तीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढलेल्या बाईचा तोच आवाज. तिन्ही पाळ्या केल्या, लेक गिरणीच्या पाळणाघरात, दूध पाजायला ठरावीक सुट्टी. चीनमध्ये तेव्हा कामगार बायका पन्नासाव्या वर्षी निवृत्त व्हायच्या, त्याप्रमाणे १९९८ साली त्या घरी आल्या. तोवर आजूबाजूच्या गिरण्यांतून माणसं कमी करायला सुरुवात झालीच होती. सोलापुरातही गिरण्या त्याच सुमाराला बंद पडत होत्या. यावर आम्ही खूप बोललो.

सोलापूर म्हटल्यावर मात्र त्यांचे डोळे चमकले होते. "के दिहुआचं गाव!" चीन-जपान युद्धात जखमींवर उपचार करायला गेलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं हे चिनी नाव. त्या वयाच्या लोकांना ते शाळेपासून माहीत आहे. पण आयींना कोटणीसांपेक्षा त्यांच्या बायकोची काळजी. गुओ छिंगलान या परिचारिका होत्या, १९४१च्या नोव्हेंबरात लग्न झालं, १९४२च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचं नाव यिनहुआ, यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. त्याच डिसेंबरात कोटणीस गेले. पुढं १९६७ साली तो मुलगाही वैद्यकीय शिक्षण संपता संपता गेला. गुओबाई २०१२ साली दालियानला वारल्या, मी तेव्हा तिआनजिनमध्येच होते. आयींनी बातमी सांगितली आणि म्हणाल्या, "युद्ध चालू, कूस उजवली ती डोंगरात. तिचा महिना कुणी केला असेल?"

'महिना बसणं' म्हणजे बाळंतिणीचा महिना. आपला सव्वा महिना, त्यांचा एक. गार पाण्याला हात लावायचा नाही, वाऱ्याला जायचं नाही, केस धुवायचे नाहीत. राळ्यासारख्या बारीक धान्याची पेज, तांबडी साखर आणि अंडी. रेशनच्या काळात बाळंतिणीला तांबडी साखर जास्तीची मिळायची. माझ्या बाळंतपणात आईला व्हिसा उशिरा मिळाला, तोवर आयींनी माझा महिना केला. मी अकराव्या दिवशी डोक्यावरून न्हाले तर दोन दिवस बोलल्या नाहीत, पेज मात्र वेळेवर आणून ठेवायच्या. मग आई डिंकाचे लाडू घेऊन आली. एकीला मराठी, दुसरीला चिनी, दोघी माझ्या पलंगाशी बसून हातवारे करत मलाच रागवायच्या. भाषेची कुणालाच अडचण झाली नाही.

लग्नाचं थोडक्यात. १९७३ साली झालं. मुलाकडून सायकल, मनगटी घड्याळ, शिलाई मशीन आणि रेडिओ अपेक्षित असायचा. सायकल 'फ्लाइंग पिजन', ती तिआनजिनचीच, पण तिचंही कुपन लागायचं. आयींना घड्याळ मिळालं नाही, त्याचं दुःखही नाही. त्यांना आठवतात त्या रजया. रजई शिवायला नवरा, मुलगा, मुलगी सगळं असलेली बाई लागते, आपल्याकडच्या सवाष्णीसारखी. त्या वर्षांत असल्या जुन्या चालींना बंदी होती, म्हणून मावशीनं रात्री खिडकीला चादर लावून शिवल्या. सुई अडली की ती केसांतून फिरवायची. हे आयींनी करून दाखवलं आणि मला माझी आजी दिसली, गोधडी घालताना.

सगळ्यात जास्त वेळा ऐकलेली आठवण २८ जुलै १९७६ची. पहाटे ३ वाजून ४२ मिनिटांनी तांगशानचा भूकंप झाला. सरकारी आकड्यानुसार २ लाख ४२ हजार माणसं गेली. तिआनजिन जवळ, तिथंही घरं पडली. लेक दोन वर्षांची. सासूबाईंनी पोरीला छातीशी धरलं आणि आयींनी पिठाचा डबा! बाहेर येऊन कळलं की आपण डबा आणलाय. मग पाऊस. पुढं तीन वर्षं रस्त्याच्या कडेला विटा, चटया, डांबरी कागद यांच्या खोपटात काढली. सगळं शहरच तसं राहत होतं. एकच कोळशाची शेगडी, मध्ये फक्त एक पडदा. तिथंच सासूबाईंनी पहिल्यांदा स्वतःच्या माहेरचं सांगितलं. सून होऊन तीन वर्षं झाली होती, तोवर दोघी कामापुरतंच बोलायच्या. आयी म्हणायच्या, भूकंपानं मला सासू दिली.

आणि पाणी. तिआनजिनचं नळाचं पाणी पूर्वी इतकं खारट की 'नळाच्या पाण्यात लोणचं घालता येतं' अशी म्हणच होती. १९८३च्या सप्टेंबरात लुआन नदीचं पाणी शहरात आणलं. त्यानिमित्त घरोघरी मोगऱ्याच्या सुवासाच्या चहाची पुडी वाटली. अख्ख्या गल्लीनं बाहेर स्टुलं मांडून चहा केला. आयींची लेक तेव्हा नऊ वर्षांची. एक घोट घेऊन म्हणाली, "आई, या पाण्याला चवच नाही."

एक गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली. १९८० साली त्यांना परत दिवस गेले होते. एक मूल पुरे, हे धोरण तेव्हा नुकतंच कडक होत होतं, आणि गिरणीत बायकांच्या मासिक पाळीची नोंद ठेवणारी बाई असायची. एवढं बोलून त्या भांडी घासायला उठल्या. लेकीच्या लहानपणीच्या फोटोंच्या डब्यात एकुलत्या मुलाच्या आईबापांना मिळणारं लाल मानपत्र होतं, ते मी नंतर पाहिलं. आम्ही परत आल्यावर २०१६च्या जानेवारीत दोन मुलांना परवानगीचा कायदा लागू झाला, तेव्हा त्यांचा फोनवर निरोप आला: "आता दोन चालतात. माझी पोर बेचाळीसची झाली."

आपल्याकडं चिनी माणूस म्हणजे यंत्र, भावना नसलेला, असं सर्रास बोलतात. मला ते फार लागतं. माझा महिना ज्या बाईनं केला तिच्याबद्दल कुणी असं बोललेलं मी ऐकून घेत नाही.

आता तुमचं सुरुवात कशी करावी ते. सकाळी सातला कुठल्याही बागेत जा, बायका व्यायामाला, नाचायला आलेल्या असतात. तिआनजिनमध्ये असाल तर अनोळखी बाईला आयी म्हणू नका. तिथं सत्तरीच्या बाईलाही 'जिएजिए', म्हणजे ताई म्हणतात, आणि त्यांना ते आवडतं. त्या आधी तुमचं लग्न, मुलं आणि पगार विचारतील. खरं सांगा, टाळू नका. तुम्ही स्वतःचं काही दिल्याशिवाय त्या त्यांचं देणार नाहीत. आठवणी सांगा असं म्हणू नका. कोबी खारवतात कसा, ज्याओझच्या (उकडलेल्या चिनी करंज्यांच्या) सारणात काय घालता, बुटाचा तळ शिवता येतो का, असं काहीतरी हाताचं विचारा आणि शिकायला बसा. नोव्हेंबरात गेलात तर उत्तमच, गड्डे फिरवायला एक माणूस त्यांना नेहमीच कमी पडतो.