गाईला भूल दिली की गुंगी आली?

कळव्याच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: 'गाईच्या मोडक्या शिंगावर भूल देऊन शस्त्रक्रिया' असं बातमीत वाचलं, पण तिथले पशुवैद्य 'शामक दिलं' म्हणत होते आणि गोठ्यातली माणसं 'गुंगीचं इंजेक्शन'. तिन्ही एकच का?

नाहीत. मला हा फरक कळला येऊरच्या एका गोठ्यात. तिथंही शिंगच मोडलं होतं. डॉक्टरांनी झायलाझिन हे शामक टोचलं. दहाएक मिनिटांत गाईची मान खाली आली, ओठ लोंबला, लाळेची तार पार जमिनीला टेकली. रवंथ बंद. गोठेवाला म्हणाला, "आली बघा गुंगी." मला वाटलं, आता करवत चालणार. पण डॉक्टरांनी दुसरी सुई काढली आणि डोळा नि शिंग यांच्या मधे टोचली. "जागा बधिर होऊ दे आधी." पहिल्या सुईनं गाय निवली होती; शिंग कापण्याइतकं दुखणं त्यानं थांबत नाही.

क्रियापदंच बघा ना. भूल देतात, गुंगी येते. पूर्ण भुलीत शुद्धच हरपते. गुंगीतलं जनावर हाकेला कान हलवतं. शामक हा 'शम्' धातूचा, शांत करणारा. अग्निशामकात आग शमते, वेदनाशामकात वेदना, नुसत्या शामकात तगमग. पण नुसतं 'शामक' ऐकलं की लोकांना डोकेदुखीची गोळी आठवते, तिथं घोळ होतो. (बधिर तर मुळात फक्त कानाचा शब्द!)

'गुंगी' बाहेरून दिसते तेवढंच सांगते. आत नाडी आणि श्वास मंदावतात, रक्तातली साखर चढते, मूत्र वाढतं. पोटाची हालचाल थंडावल्यानं वायू कोंडतो आणि डावी कूस फुगते. म्हणून गाय आडवी पडू न देता छातीवर बसवतात आणि तोंड उताराला ठेवतात, पोटातलं उलटून श्वासनळीत जाऊ नये म्हणून. घोड्याच्या मानानं गाईला या औषधाचा साधारण दहावा हिस्सा पुरतो. घोडा उभ्या उभ्या पेंगतो, गाय बसकण मारते.

तेव्हा तुमच्या बातमीत 'गुंगीचं औषध देऊन आणि शिंगाची जागा बधिर करून' असं हवं होतं. मथळ्यात मावलं नसतं, हे कबूल.